१४७ साठी पाच मिनिटं, १२ साठीही पाच मिनिटं

पुण्यात कॉलेजला असताना आम्ही ज्या पार्लरमध्ये स्नूकर खेळायला जायचो तिथे टेबलचे पैसे तासावर होते आणि नियम एकच, जो हरेल तो टेबलचे पैसे देणार. त्यामुळे स्लो खेळणारा माणूस आला की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या, कारण त्याच्याशी हरलात तर त्याने विचार करण्यात घालवलेल्या वेळेचे पैसेही तुम्हीच भरायचे. असे एक काका यायचे तिथे, बँकेतून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात स्वतःचा चॉक ठेवणारे. त्यांच्याबद्दल सांगतोच, पण आधी प्रोफेशनल लोकांबद्दल सांगतो कारण हा विषय गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात आहे. स्नूकरमधले सगळ्यात फास्ट आणि सगळ्यात स्लो खेळाडू. आमच्या ग्रुपमध्ये यावर भांडणं व्हायची आणि मी कायम फास्टवाल्यांच्या पार्टीत असायचो.

सुरुवात अर्थातच रॉनी ओसुलिव्हन. २१ एप्रिल १९९७, शेफील्डचं क्रूसिबल थिएटर, वर्ल्ड चॅम्पियनशिपचा पहिला राउंड, समोर मिक प्राइस. रॉनी तेव्हा २१ वर्षांचा. त्याने १४७ चा ब्रेक मारला (ब्रेक म्हणजे एकदा टेबलाशी आल्यावर न चुकता सलग केलेले गुण), म्हणजे १५ रेड, प्रत्येक रेडनंतर सगळ्यात जास्त गुणांचा ब्लॅक आणि शेवटी सहाही कलर, एकूण ३६ चेंडू न चुकता, आणि वेळ लागला ५ मिनिटं ८ सेकंद. बरीच वर्षं रेकॉर्डमध्ये ५ मिनिटं २० सेकंद असं लिहिलेलं होतं, मग लोकांनी टेप नीट बघितली, घड्याळ नक्की कुठून सुरू करायचं यावर चर्चा झाली आणि आता ५:०८ धरतात. भागाकार केला तर एका शॉटला साडेआठ सेकंद. आणि यात रेफरीने प्रत्येक वेळी पॉकेटमधून ब्लॅक काढून परत स्पॉटवर ठेवण्याचा वेळसुद्धा आला. तो व्हिडिओ बघताना एकदा फक्त रेफरीकडे बघा, पांढरे हातमोजे घातलेला तो माणूस ब्लॅक ठेवतोय आणि रॉनी पुढच्या रेडवर वाकलेलाच आहे. या एका ब्रेकचे त्याला १,४७,००० पाउंड मिळाले आणि स्पर्धेतल्या सगळ्यात मोठ्या ब्रेकचे १८,००० वेगळे.

पण नुसत्या स्पीडचं बोलायचं तर माझ्या मते रॉनीच्याही आधी टोनी ड्रागोचं नाव घ्यायला पाहिजे. माल्टाचा माणूस, टोपणनाव टॉर्नेडो, आणि ते नाव त्याला शोभायचं कारण तो टेबलाभोवती अक्षरशः पळायचा. चेंडू पॉकेटमध्ये पडायच्या आत हा पुढच्या शॉटच्या दिशेने निघालेला असायचा. १९९६ च्या यूके चॅम्पियनशिपमध्ये त्याने ३ मिनिटं ३१ सेकंदांत सेंचुरी, म्हणजे शंभरीचा ब्रेक, मारली, आणि त्याआधी १९८८ मध्ये डॅनी फाउलरविरुद्ध एक अख्खी फ्रेम, म्हणजे एक डाव, ३ मिनिटांत संपवली होती. ३ मिनिटांत आमच्या पार्लरमध्ये चेंडू लावूनसुद्धा होत नव्हते. एवढा गुणी खेळाडू, जगात दहाव्या नंबरपर्यंत पोचला, पण रँकिंग टायटल एकही नाही. १९९७ मध्ये इंटरनॅशनल ओपनच्या फायनलला गेला तर समोर स्टीफन हेंड्री, ९-१ ने हरला. ड्रागोचं मला कायम वाईट वाटतं. एखादी सोपी रेड चुकली की तो स्वतःवर इतका चिडायचा की पुढच्या दोन-तीन फ्रेम त्या रागातच निघून जायच्या.

सध्याच्या खेळाडूंमध्ये फास्ट म्हटलं की थायलंडचा थेपचैया उन-नू. हा २००८ चा वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियन. सरासरी शॉट टाइमच्या यादीत वर्षानुवर्षं तो अगदी वर असतो, आणि २०१९ मध्ये तो स्नूकर शूट-आउट जिंकला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही कारण ती स्पर्धाच घड्याळावर चालते, दहा मिनिटांची एकच फ्रेम, पहिली पाच मिनिटं शॉटला १५ सेकंद आणि नंतरची पाच मिनिटं १० सेकंद. पण याच माणसाने २०१५ च्या यूके चॅम्पियनशिपमध्ये १४० पर्यंत सगळं साफ करून १४७ साठीचा शेवटचा ब्लॅक घालवला. आणि त्याच स्पर्धेच्या फायनलला नील रॉबर्टसनने १४७ मारून त्याचा बोनस नेला. मी तो चुकलेला ब्लॅक दहा वेळा तरी बघितला असेल. तो आधीच्या ३५ शॉटसारखाच पटकन वाकला, पटकन मारला, आणि चेंडू आत गेला नाही. तिथे दोन सेकंद थांबला असता तर? असं आपण म्हणतो खरं, पण मला वाटतं थांबला असता तर तो थेपचैया राहिला नसता आणि कदाचित १४० पर्यंतही आला नसता.

आता दुसरी बाजू.

स्लो खेळाडू म्हटलं की जुन्या लोकांना आठवतो कॅनडाचा क्लिफ थॉर्बर्न. टोपणनावच द ग्राइंडर, म्हणजे दळत बसणारा. १९८० च्या वर्ल्ड फायनलला तो होता आणि समोर अ‍ॅलेक्स हिगिन्स, म्हणजे हरिकेन. त्या काळातला सगळ्यात वेगवान खेळाडू विरुद्ध सगळ्यात संथ, यापेक्षा चांगली जोडी कुणी ठरवूनही लावू शकलं नसतं. हिगिन्स ९-५ ने पुढे होता, आणि थॉर्बर्नने त्याला हळूहळू, फ्रेमला फ्रेम जोडत मागे खेचलं आणि १८-१६ ने जिंकला. (त्याच दिवशी लंडनमध्ये इराणच्या दूतावासावर कमांडो घुसले आणि बीबीसीने मॅच मध्येच तोडून ते दाखवलं.)

पण थॉर्बर्नचं खरं वर्ष १९८३. क्रूसिबलच्या इतिहासातला पहिला १४७ त्याने मारला, टेरी ग्रिफिथ्सविरुद्ध, आणि त्याला जवळपास पंधरा मिनिटं लागली. रॉनीच्या तिप्पट. गुण तेवढेच, १४७ ला १४७ च. आणि त्या मॅचचा पुढचा भाग कमी लोकांना माहिती असतो, ती १३-१२ पर्यंत गेली आणि पहाटे ३ वाजून ५१ मिनिटांनी संपली. ग्रिफिथ्सही काही घाईचा माणूस नव्हता म्हणा. मग थॉर्बर्न क्वार्टर फायनलला कर्क स्टीव्हन्सशी १३-१२, सेमीला टोनी नोल्सशी १६-१५, म्हणजे सलग तीन मॅच शेवटच्या फ्रेमपर्यंत, आणि फायनलला स्टीव्ह डेव्हिससमोर अंगात काही शिल्लकच नव्हतं, १८-६ ने हरला. स्लो खेळण्याची किंमत समोरचाच मोजतो असं नाही, स्वतःलाही मोजावी लागते.

आणि आता ज्या मॅचसाठी मी हे लिहायला घेतलं ती. २००५, वर्ल्ड चॅम्पियनशिप, क्वार्टर फायनल, रॉनी ओसुलिव्हन विरुद्ध पीटर एब्डन. रॉनी ८-२ ने पुढे. मॅच संपल्यात जमा. तिथून एब्डनने जे काही केलं त्यावर आजही दोन तट आहेत. तो थांबला. प्रत्येक शॉटच्या आधी टेबलाभोवती फेरी, मग चॉक, मग परत बघणं, मग वाकणं, मग उठणं, मग परत फेरी. एका ब्रेकमध्ये त्याने १२ पॉइंट केले आणि त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. म्हणजे रॉनीने याच हॉलमध्ये जेवढ्या वेळात १४७ मारला होता त्याहून जास्त वेळात बारा! रॉनी खुर्चीत घसरत घसरत खाली गेला, कपाळ खाजवत बसला, एकदा तर प्रेक्षकांतल्या एकाला किती वाजले विचारलं. आणि एब्डन १३-११ ने जिंकला.

मी ही मॅच नंतर यूट्यूबवर बघितली, तुकड्या तुकड्यात, आणि पहिल्यांदा बघताना मला प्रचंड राग आला. ही काय पद्धत, हा तर खेळाचा अपमान आहे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मित्राशी तर यावरून आठवडाभर अबोला होता. त्याचं म्हणणं होतं की नियमात शॉटला वेळेची मर्यादा नाहीये ना, मग? आणि हे खरंच आहे, मुख्य स्पर्धांमध्ये शॉट क्लॉक नाही. रेफरीला वाटलं की खेळाडू अवास्तव वेळ घेतोय तर तो ताकीद देऊ शकतो, पण अवास्तव म्हणजे किती सेकंद हे कुठे लिहिलेलं नाही. जिथे शॉट क्लॉक होतं, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये शॉटला २५ सेकंद, तिथे रॉनी पुन्हा पुन्हा जिंकला.

माझं मत बदललं ते हळूहळू, आणि बदललं म्हणजे पूर्ण उलटं झालं असं नाही. २००५ चा तो ब्रेक मला आजही आवडत नाही. पण एब्डन फसवत होता असं आता वाटत नाही. ८-२ ने मागे पडलेला माणूस होता तो. समोर असा खेळाडू ज्याची सगळी ताकद लयीत आहे, एक चेंडू पडला की दुसरा, दुसरा की तिसरा. अशा वेळी एब्डनकडे एकच गोष्ट उरली होती, त्या लयीला जागाच द्यायची नाही. शिवाय हा माणूस कलर-ब्लाइंड आहे, रेड आणि ब्राउन त्याला नीट वेगळे दिसत नाहीत, आणि तरीही तो २००२ ला हेंड्रीला १८-१७ ने हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला. अशा माणसाला आळशी किंवा रडीचा डाव खेळणारा म्हणायला आता जीभ वळत नाही.

पुढच्याच वर्षी, २००६ ला, एब्डन परत फायनलला होता, समोर ग्रॅम डॉट, आणि त्यातली एक फ्रेम ७४ मिनिटं चालली. मॅच रात्री पाऊण वाजून गेल्यावर संपली, डॉट १८-१४ ने जिंकला. तेव्हा क्रूसिबलवरची ती सगळ्यात लांब फ्रेम होती. मग २०१६ ला मार्क सेल्बी आणि मार्को फू यांनी ७६ मिनिटांची खेळली. आणि २०१९ ला पहिल्या राउंडमध्ये ९-९ झालेलं असताना शेवटची फ्रेम ७९ मिनिटं चालली, गॅरी विल्सन विरुद्ध, थांबा, लुका ब्रेसेल! बेल्जियन बुलेट! हाच तो जो पुढे २०२३ च्या सेमी फायनलला ५-१४ ने मागे असताना बेधडक मारत सुटला आणि १७-१५ ने जिंकून मग वर्ल्ड चॅम्पियनही झाला. आजच्या सगळ्यात वेगवान खेळाडूंपैकी एक, आणि क्रूसिबलवरच्या तोपर्यंतच्या सगळ्यात लांब फ्रेममध्ये एका बाजूला तोच.

हे मला कळलं तेव्हा डोक्यात काहीतरी सरकलं. कारण आपण समजतो की लांब फ्रेम म्हणजे कुणीतरी एक कासव टेबलाशी उभं आहे. तसं नसतं. फ्रेम लांबते ती टेबलावर काय उरलंय त्यावर. दोन-चार रेड कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, चिकटलेल्या, ब्लॅक भलत्याच जागी, पॉकेटच्या तोंडाशी गर्दी, आणि जो आधी धोका पत्करेल तो हरणार. मग सेफ्टीवर सेफ्टी (म्हणजे गुण करायला न जाता समोरच्याला सोपा शॉट मिळू न देणं), क्यूने मारायचा तो व्हाइट बॉल वर-खाली, वर-खाली, आणि दोघंही एकमेकांच्या चुकीची वाट बघतायत. अशा वेळी बुलेटसुद्धा थांबते. नंतर २०२२ ला सेल्बी आणि यान बिंगताओने ते रेकॉर्ड ८५ मिनिटांवर नेलं. आणि क्वालिफायिंगमध्ये तर २०१७ ला फर्गल ओब्रायन आणि डेव्हिड गिल्बर्ट, ९-९, जिंकेल तो क्रूसिबलला जाणार, ती शेवटची फ्रेम १२३ मिनिटं ४१ सेकंद! दोन तासांहून जास्त, एक फ्रेम. ओब्रायन जिंकला. गिल्बर्टचा विचार करून मला अजून पोटात कसंतरी होतं.

सेल्बीबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं कारण फास्ट-स्लो हा वाद आमच्या पिढीसाठी रॉनी-सेल्बीच आहे. २०१४ ची वर्ल्ड फायनल, रॉनी १०-५ ने पुढे, आणि सेल्बीने त्याला असं जखडलं की शेवटी १८-१४. बॉल टेबलावर कुठेही असो, सेल्बी व्हाइट अशा ठिकाणी नेऊन ठेवायचा की रॉनीला मारायला काही दिसायचंच नाही. त्याला कंटाळवाणा म्हणणारे खूप आहेत. माझी विनंती आहे की त्याची एक सेफ्टी नीट बघा, व्हाइट तीन कुशन घेऊन टेबलाच्या एका टोकाला, बॉल्क कुशनला येतो आणि जवळजवळ टेकून थांबतो, इतका टेकून की समोरच्याला क्यूचं टोक कसंबसं वरून लावावं लागतं. एखादा लाँग पॉट जितका सुंदर असतो तितकंच हे सुंदर आहे. आणि २०२० ची सेमी बघा, तिथे उलटं झालं, सेल्बी १६-१४ ने पुढे, एका फ्रेमवर फायनल, आणि रॉनीने सलग तीन फ्रेम घेतल्या. त्या मॅचमध्ये स्नूकरमध्ये अडकल्यावर (म्हणजे मधे दुसरा चेंडू आल्याने हव्या त्या चेंडूवर सरळ मारताच येत नाही तेव्हा) रॉनी विचारच न करता धाडकन मारत होता, सेल्बीला तो अपमान वाटला आणि तसं तो बोललाही. म्हणजे बघा, २००५ ला फार हळू खेळणं अपमान होता आणि २०२० ला फार पटकन खेळणं.

तर आता आमचे काका.

मी तेव्हा फास्ट खेळायचो, म्हणजे रॉनी होण्याचा प्रयत्न. एका संध्याकाळी काकांबरोबर फ्रेम लागली. मी २३ ने पुढे, सगळ्या रेड संपलेल्या, टेबलावर फक्त सहा कलर, म्हणजे २७. यलो खालच्या कुशनजवळ. कुणीही यलो मारायला गेला असता. काका टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारून आले, खिशातून चॉक काढला, लावला, परत खिशात ठेवला, ब्लॅकच्या मागे जाऊन वाकून बघितलं, आणि मग यलोला हलकंच टेकवून व्हाइट ब्लॅकच्या मागे नेऊन ठेवला. स्नूकर. मी घाईत कुशनवरून मारला, हुकला, काकांना फाउलचे ४. काका म्हणाले, "तूच खेळ परत." परत हुकला, अजून ४. परत तेच वाक्य, आणि या वेळी ब्लूला लागला, ५. माझी लीड २३ वरून १०. मग काकांनी यलो, ग्रीन, ब्राउन, ब्लू आणि पिंक घेतला, प्रत्येकाच्या आधी तीच फेरी, तोच चॉक, आणि पिंक गेला तेव्हा ते १० ने पुढे आणि उरलेला ब्लॅक ७ चा. टेबलचा हिशेब ठेवणाऱ्या मार्करने घड्याळ बघून पैसे सांगितले. मी गल्ल्यावर देत होतो तेव्हा काका शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, तिन्ही वेळा तू शॉट बघितलाच नाहीस. फक्त मारलास."

मला ते लागलं, पण बरोबर होतं. नंतर मॅच बघताना मी हेच शोधायला लागलो. रॉनी बघत नाही असं नाहीये. तो चालताना बघतो. चेंडू पॉकेटकडे जात असताना त्याचा पुढचा शॉट ठरलेला असतो, खरं तर पुढचे तीन. काका जे काम उभं राहून करतात ते रॉनी दोन पावलांत करतो, ते टाळत मात्र नाही. मी ते टाळत होतो. थॉर्बर्नला एका शॉटला २५ सेकंद आणि रॉनीला साडेआठ, पण दोघांनीही ३६ चे ३६ शॉट बघून मारले.

(हा खेळ मुळात आपल्याकडे जन्मला हे लोक विसरतात. १८७५, जबलपूर, ब्रिटिश लष्करातला नेव्हिल चेंबरलेन, आणि नियम पक्के झाले ते उटीच्या क्लबात. आणि आपल्या मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ ला दिल्लीत इंडियन ओपनची फायनल गाठली होती, डिंग जुनह्वीकडून ५-० हरला, पण रँकिंग स्पर्धेच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय तोच. सध्या मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा प्रो टूरवर आहे, त्याच्या मॅच बघत जा.)

ते पार्लर आता नाही. काका आहेत, कोथरूडला राहतात, गुडघ्यांमुळे टेबलाभोवती फिरणं बंद झालंय. मागच्या दिवाळीत फराळाला गेलो होतो. बोलता बोलता विषय निघाला आणि मी फोनवर रॉनीचा तो १९९७ चा ब्रेक लावला. पहिली रेड पडली आणि काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून व्हिडिओ थांबवला. म्हणाले, "आता सांग, ब्लॅकवरून व्हाइट कुठे आणेल?" मी सांगितलं. चुकलं. त्यांनी चालू केलं, ब्लॅक पडला, परत थांबवलं. "आता?" प्रत्येक शॉटला. काकू मधे एकदा चहा ठेवून गेल्या, मग कप न्यायला आल्या, तेव्हा आम्ही अकराव्या रेडवर होतो. ५ मिनिटं ८ सेकंदांचा तो ब्रेक बघून संपायला आम्हाला सव्वा तास लागला, आणि शेवटचा ब्लॅक पडल्यावर काका म्हणाले, "आता एकदा न थांबवता लाव."